पत्ता देणे म्हणजे पाठवणे नव्हे

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ येत असत. वय शेहेचाळीस, एका कारखान्यात हिशेबनीस, तीन पिढ्यांपासून बडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले. तक्रार नेहमीचीच : आम्लपित्त, झोप नाही, हातांना बारीक कंप. यकृताच्या तपासण्यांचे आकडे वाढलेले. तिसऱ्या भेटीत मी सरळ विचारले तेव्हा त्यांनी मान खाली घालून रोज संध्याकाळी किती घेतात ते सांगितले. व्यसनमुक्तीच्या उपचारांनंतर ते सात आठवडे कोरडे राहिले. पुढे काय करायचे, असे त्यांनी विचारताच मी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या एका मीटिंगचा पत्ता लिहिला आणि "येथे जात जा" असे सांगून पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

ते गेले. एकदाच गेले. परत आल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे. सगळे इंग्रजीत बोलत होते. बहुतेक तरुण मुले. मी मागच्या खुर्चीवर बसलो आणि तसाच उठून आलो." मी "बरे, पाहू" म्हणालो आणि त्यांच्या रक्तदाबाकडे वळलो. अकरा महिन्यांनी रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने कोणताही दोष न देता एकच प्रश्न विचारला, "दुसरी मीटिंग नव्हती का हो कुठे?"

होती. त्यांच्या घरापासून दोन किलोमीटरांवर, गुरुवारी संध्याकाळी, गुजराती आणि हिंदीत चालणारी. मला ती ठाऊक नव्हती, कारण मी कधी चौकशीच केली नव्हती. आपल्या संस्थेच्या या स्मरणिकेत लिहिण्याचे निमंत्रण आले तेव्हा एखाद्या नव्या औषधाविषयी लिहावे असे प्रथम वाटले होते. परंतु तो प्रश्न मनातून जात नाही, म्हणून याच विषयावर लिहीत आहे.

माझे मत थोडक्यात असे : मद्यपाशाच्या रुग्णाला आधारगटाचा पत्ता देऊन वैद्याचे कर्तव्य संपत नाही. रुग्णाला योग्य अशी मीटिंग शोधून देणे आणि तिच्या दारापर्यंत तो पोहोचेल असे पाहणे हा उपचाराचाच भाग आहे. हृदयरुग्णाला आपण "शहरात कुठेतरी शल्यचिकित्सक आहेत, पाहा" असे सांगत नाही. मग मद्यपाशाच्या रुग्णालाच ते का सांगतो?

याचे एक कारण आपले अज्ञान हे आहे. या चळवळीविषयी आपल्यापैकी बहुतेकांची माहिती ऐकीव असते. वास्तविक तिच्या मुळाशी आपलाच एक व्यवसायबंधू आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर दलाल विल्यम विल्सन धंद्यासाठी अमेरिकेतील ॲक्रन या गावी गेला होता. व्यवहार फिसकटला. पाच-सहा महिन्यांपासून दारू सोडलेला हा मनुष्य पुन्हा पिण्याच्या काठावर उभा होता. आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलल्याशिवाय आपण वाचणार नाही असे त्याला वाटले आणि त्याने चर्चच्या यादीवरून दूरध्वनी करायला सुरुवात केली. अखेरीस त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटेच थांबणार होते, प्रत्यक्षात दोघे कित्येक तास बोलत बसले. पुढे काही आठवड्यांतच डॉक्टर वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले आणि आगगाडीतच पुन्हा प्यायला लागले. परतल्यावर १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. १९५० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हजारो मद्यपींवर विनामूल्य उपचार केले. परिषदेला जाताना घसरलेला डॉक्टर आपल्याला इतका अपरिचित वाटू नये. परिषद दमणला किंवा उदयपूरला असली की नावनोंदणी कशी वाढते, हे आपण सारेच जाणतो.

या मीटिंगची रचना अगदी साधी असते. खुर्च्यांचे वर्तुळ किंवा रांगा, चहा, तास-दीड तास. एक जण आपला अनुभव सांगतो, मग इतर सांगतात. मध्येच कोणी उपदेश करत नाही, उलटतपासणी घेत नाही. सभासदत्वाची एकच अट : दारू सोडण्याची इच्छा. प्रवेशशुल्क नाही, हजेरीपट नाही. खर्च सभासदांच्याच ऐच्छिक वर्गणीतून चालतो आणि बाहेरच्या देणग्या स्वीकारल्या जात नाहीत. 'खुल्या' मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर असे कोणीही येऊन बसू शकते. 'बंद' मीटिंग केवळ मद्यपाशाने ग्रस्त असलेल्यांसाठी असते. कोठे बारा पायऱ्यांपैकी एकेका पायरीवर चर्चा होते, कोठे पुस्तकातील उतारा वाचून बोलतात, तर कोठे एकच वक्ता सविस्तर बोलतो. नवख्याला हा फरक कोणी समजावून सांगत नाही, म्हणून पहिल्याच संध्याकाळी जे दिसले तेच सर्व गटांचे रूप असे तो समजतो.

"याला शास्त्रीय आधार काय?" हा प्रश्न रास्त आहे. २००६ सालच्या कॉक्रेन समीक्षेला निश्चित निष्कर्ष काढता आला नव्हता. २०२० साली मात्र २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी यांच्या आधारे नवी समीक्षा प्रसिद्ध झाली. सलग मद्यविरहित राहण्याच्या निकषावर, रुग्णाला अशा गटांशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार बोधात्मक वर्तनोपचारासारख्या अन्य प्रस्थापित पद्धतींपेक्षा सरस ठरले. हे अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील आहेत, हे मान्य. पण त्यातील 'पद्धतशीरपणे जोडून देणारे' हे शब्द आपण नीट वाचावेत. तेथे चिठ्ठीवर पत्ता लिहून दिलेला नव्हता.

याहून जुना आणि छोटासा एक अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. १९८१ साली सिसन आणि मॅलम्स यांनी वीस रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला मीटिंगची माहिती, ठिकाण, वेळ सांगून जाण्याचा आग्रह केला. दुसऱ्या गटातील प्रत्येकाच्या बाबतीत समुपदेशकाने त्याच्यासमोरच एका जुन्या सभासदाला दूरध्वनी लावला, दोघांचे बोलणे करून दिले आणि त्या सभासदाने सोबत नेण्याची तयारी दाखवली. दुसऱ्या गटातले सर्वच्या सर्व मीटिंगला गेले. पहिल्या गटातला एकही गेला नाही. वीस जणांवरून सिद्धांत मांडता येत नाही. तरीही हे वाचताना मला माझी ती चिठ्ठी आठवली.

आता 'योग्य' म्हणजे काय, याविषयी. माझ्या अनुभवात चार-पाच गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट भाषा. दुःख ज्या भाषेत बोलता येते ती मीटिंग उत्तम, हे खरे. पण येथे एक गुंता आहे. आपला मराठी समाज लहान. गणेशोत्सवात, लग्नकार्यात, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तीच माणसे भेटतात. मातृभाषेत मन मोकळे होते, पण मातृभाषेच्याच माणसांसमोर तोंड उघडत नाही. माझ्या एका रुग्णाने विश्वामित्रीपलीकडचा, घरापासून दूरचा गुजराती गट निवडला. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "तिथे मला कोणाचा जावई म्हणून कोणी ओळखत नाही." त्याचा निर्णय बरोबर होता. म्हणून आपल्या सोयीचा गट रुग्णावर लादू नये. त्याला कोणाच्या नजरेची भीती वाटते, ते आधी विचारावे.

दुसरी गोष्ट वेळ. पिणाऱ्याची एक ठरलेली घटका असते. ज्याचा हात संध्याकाळी सात वाजता बाटलीकडे जातो त्याला सकाळच्या मीटिंगचा उपयोग मर्यादित. त्या घटकेला जो गट भरतो तो शोधावा. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून दोन-तीन वेगवेगळे गट जोडून द्यावेत. २०२० सालच्या महामारीपासून दूरस्थ मीटिंगांचा प्रसार झाला आहे. रात्रपाळीच्या कामगाराला आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रीला हे वरदान आहे. तरी जेथे शक्य आहे तेथे प्रत्यक्ष खुर्चीवर बसण्याला पर्याय नाही, असे माझे मत आहे. मीटिंग संपल्यावर दाराशी चहाचा पेला हातात घेऊन जे बोलणे होते, ते पडद्यावर होत नाही.

तिसरी गोष्ट माणसे. रुग्णाला त्या खोलीत निदान एक तरी मनुष्य आपल्यासारखा दिसला पाहिजे : त्याच्या वयाचा, त्याच्यासारखी नोकरी किंवा संसार असलेला. तो दिसला की "हा राहू शकतो तर मीही" हा विचार उगवतो, आणि तोच या गटाचा खरा उपचार आहे. अमेरिकेतील 'प्रोजेक्ट मॅच' या सतराशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांच्या भोवतालचे मित्र पिणारे होते त्यांना तीन वर्षांनंतर बारा पायऱ्यांच्या मार्गाचा विशेष लाभ झालेला दिसला. मित्रमंडळ बदलल्याखेरीज दारू सुटत नाही, आणि नवे मित्रमंडळ औषधाच्या दुकानात मिळत नाही.

चौथी गोष्ट देव. बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख येतो आणि आपले कित्येक सुशिक्षित रुग्ण तेथेच अडतात. त्यांना सांगावे की तेथे परमेश्वर 'आपापल्या कल्पनेतला' आहे. कित्येक जण त्या जागी गटालाच मानतात. तरीही पटले नाही तर वाद घालू नये. पुण्याच्या 'मुक्तांगण'ने, १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या या केंद्राने, समूहाची हीच शक्ती मराठी मातीत रुजवून दाखवली आहे. ईश्वरविषयक भाग वगळून चालणारे गटही आहेत. मार्ग एकच आहे असा आग्रह धरणारा वैद्य आपला रुग्ण गमावतो.

शेवटची गोष्ट संयम. एका मीटिंगवरून निर्णय घेऊ नये. मी आता रुग्णाशी करार करतो : किमान तीन निरनिराळ्या गटांत मिळून सहा मीटिंगा, आणि मगच "जमत नाही" म्हणायचे. प्रत्येकीनंतर मला येऊन सांगायचे : कोण बोलले, काय ऐकले, काय खटकले. या विचारण्याला पाच मिनिटे लागतात. माझ्या त्या हिशेबनिसाला मी ही पाच मिनिटे दिली नव्हती.

काही इशारेही द्यायला हवेत. मीटिंग हा विथड्रॉअलचा उपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवले तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास प्राणघातक भ्रमावस्था उद्भवू शकते. तेथे आधी रुग्णालय, थायमिन आणि योग्य औषधे, मग खुर्ची. दुसरे असे की, एखाद्या गटातला उत्साही जुना सभासद "गोळ्या घेतोस म्हणजे तू अजून सुटला नाहीस" असे नवख्याला ऐकवतो. ही त्या संघटनेची भूमिका नाही. कोणाही सभासदाने डॉक्टर होऊ नये, असे तिचे स्वतःचेच साहित्य बजावते. असा सल्ला मिळाल्यास गट बदलावा, गोळ्या बंद करू नयेत, हे रुग्णाला आपण आधीच सांगून ठेवावे.

आपल्या गुजरातेत या साऱ्याला आणखी एक पदर आहे. १९४९ सालचा मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९६० साली राज्यनिर्मितीबरोबर आपल्याकडे चालत आला आणि तो आजही लागू आहे. त्या कायद्याच्या इष्टानिष्टतेची चर्चा येथे करायची नाही. पण त्याचा दवाखान्यातला परिणाम आपण रोज पाहतो : रुग्ण 'घेत नाही' असेच सांगतो, कारण घेणे हा आजार होण्याआधी गुन्हा आहे. जे उघड मिळत नाही ते लपून घेतले जाते, आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात विषारी दारूने चाळीसहून अधिक बळी घेतले तेव्हा त्या लपण्याची किंमत दिसली. दुसऱ्या टोकाला आरोग्याच्या कारणास्तव मिळणारा परवाना आहे. त्याच्या कागदपत्रांवर वैद्यकीय शिफारस लागते. म्हणजे पिण्याची शिफारस करताना आपली सही असते आणि सोडण्याची वाट दाखवताना मात्र नसते! मीटिंगला जायचे म्हटले की रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, "नाव लिहून घेतात का? पोलिसांकडे जाते का?" नाव लिहून घेत नाहीत. पहिले नाव सांगितले तरी पुरते आणि तेही खरेच असले पाहिजे असे नाही. हे उत्तर आपल्या तोंडून मिळाले तरच त्याला धीर येतो.

स्त्रियांविषयी वेगळे लिहायला हवे. पिणारी स्त्री पुरुषांनी भरलेल्या खोलीत जाऊन बोलेल अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. तिच्यासाठी केवळ स्त्रियांचा गट, निदान दूरस्थ, शोधावा. आणि पिणाऱ्याच्या पत्नीला विसरू नये. विल्सन यांच्या पत्नी लुईस यांनी १९५१ साली नातेवाइकांसाठी 'अल-ॲनॉन' ही स्वतंत्र संघटना उभारली. पती मीटिंगला येवो न येवो, पत्नीने जाण्यास हरकत नाही. बाटल्या लपवणे, साहेबाला खोटे निरोप देणे, मुलांसमोर हसरा चेहरा ठेवणे यातून तिचीही सुटका व्हायला हवी.

आणि आपण स्वतः? आपल्यातल्या एखाद्या व्यवसायबंधूच्या तोंडाला दुपारी वास येतो, शस्त्रक्रियांच्या वेळा सरकू लागतात, आणि आपण 'ताण फार आहे बिचाऱ्याला' म्हणून दुर्लक्ष करतो. डॉक्टरला मीटिंग शोधणे सर्वांत कठीण, कारण त्या खोलीत त्याचाच रुग्ण बसलेला असण्याची भीती असते. त्याला पत्ता ठाऊक असतो. त्याला हवा असतो सोबत चालणारा एक मित्र. संघटनेचा एक संस्थापक शल्यचिकित्सक होता, हे त्याला सांगण्यासारखे दुसरे सांत्वन नाही.

"एवढा वेळ कोणाजवळ आहे?" असे कोणी विचारील. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून आहेत आणि अशा ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्याही प्रकारचा उपचार मिळालेला आहे. मनोविकारतज्ज्ञांची संख्या पाहता ही दरी केवळ त्यांच्याने भरून निघणार नाही. जो गट विनामूल्य आहे, संध्याकाळी उघडा असतो आणि आयुष्यभर उघडा राहतो, त्याचा उपयोग करून न घेणे ही चैन आपल्याला परवडणारी नाही.

म्हणून संस्थेपुढे तीन साध्या सूचना ठेवतो. प्रत्येक सभासदाने या वर्षी एका खुल्या मीटिंगला जाऊन मागच्या खुर्चीवर बसून यावे. शहरातील सर्व गटांची भाषा, वार, वेळ, खुला की बंद, अशी यादी संस्थेने करावी आणि दर सहा महिन्यांनी ती तपासून सभासदांना द्यावी. जुनी यादी ही नसलेल्या यादीपेक्षा वाईट, कारण बंद दारापाशी उभा राहिलेला रुग्ण दुसऱ्यांदा येत नाही. आणि नवख्याला सोबत नेण्यास तयार असलेल्या दोन-तीन जुन्या सभासदांशी, त्यांच्या संमतीने, प्रत्येक डॉक्टरने ओळख ठेवावी.

गेल्या वर्षी असाच एक रुग्ण समोर बसला होता. या वेळी चिठ्ठी लिहिली नाही. त्याच्यासमोरच एका जुन्या सभासदाला दूरध्वनी लावला आणि फोन रुग्णाच्या हातात दिला. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. रुग्ण बराच वेळ नुसता "हो, हो" म्हणत होता, मग त्याने विचारले, "तुम्ही बाहेर उभे राहाल ना? मी एकटा आत येणार नाही." गुरुवारी तो सभासद बाहेर उभा राहिला. पहिले दोन गट त्याला मानवले नाहीत, तिसऱ्यात तो टिकला. दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतो तेव्हा मी त्याला किती दिवस झाले ते विचारत नाही. तोच सांगतो, "आजचा दिवस झाला, डॉक्टर."

त्या वहिनींच्या प्रश्नाला हे उत्तर होत नाही, हे मी जाणतो. पण पुढच्या वेळी तोच प्रश्न कोणी विचारला, तर "दुसरीही पाहिली, तिसरीही पाहिली" असे आपल्यापैकी प्रत्येकाला सांगता यावे, एवढीच इच्छा आहे.